पुन्हा कधी? एका रमी ॲपचा चौदा महिन्यांचा हिशेब

बंद पडलेल्या ॲपचा रिव्ह्यू लिहिणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. मान्य. पण मी धंद्याने दिवाणजी. वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटातल्या एका गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, लिहितो आणि दुपारी रोजमेळ जुळवतो. माल विकला गेला, हमाली-तोलाई-मोटारभाडं वजा झालं, गाडी रिकामी झाली की मगच पट्टी निघते. या ॲपची गाडी ऑगस्ट 2025 मध्ये रिकामी झाली, म्हणून पट्टी आत्ता.

ॲपचं नाव लिहीत नाही. खेळलेत त्यांना ओळखू येईल, आणि तशी सगळी एकाच साच्यातून काढलेली होती. मी त्यातल्या एकावर 2021 च्या पावसाळ्यापासून होतो. शेवटचे चौदा महिने मात्र वही घालून खेळलो. हा रिव्ह्यू त्या वहीचा आहे असंच समजा.

तारे विचाराल तर पानं दिसायला, पिसण्याचा आवाज, वेग याला पाचपैकी पाच. खरंच. कोपरखैरणे ते तुर्भे गाडीत नेटवर्क गेलं तरी डाव अडत नसे, तुमच्या वतीने ॲपच पान टाकत राहायचं. पैसे भरायच्या सोयीला पाच. पैसे काढायच्या सोयीला दोन, तेही उदार होऊन. आणि ज्या गोष्टीला त्यांनी जाहिरातीत कधी नाव दिलं नाही, पण सगळ्यात जास्त मेहनत जिच्यावर घेतली, ती म्हणजे गेलेल्या गिऱ्हाइकाला परत आणणं. त्याला तारे देणारा मी कोण? मी तर त्यांचा माल होतो.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. गणपतीच्या जागरणाला रमी बसायची, काडेपेटीच्या काड्यांवर, मोठी माणसं असली तर नाण्यांवर. चुलते हरले की तणतणायचे, पण सकाळच्या आरतीला डाव मोडायचाच. पाचव्या दिवशी गणपती गेले की पत्ते फडताळात. म्हणजे हरलेल्या माणसाला उट्टं काढायला वर्षभर थांबावं लागे. वर्षभरात माणूस हरलेलं विसरतो, किंवा निदान किती हरला ते तरी विसरतो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, इथे माथाडी होते. त्यांच्या टोळीत मटका लावणारे दोन-तीन होतेच. लोकांना वाटतं 'कल्याण' हे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणवरून आलं. ते तसं नाही. कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये वरळीला हा धंदा मांडला, त्यांच्या नावावरून ते कल्याण. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लावायचे. पुढे 1964 ला रतन खत्रींनी आपला वेगळा मटका काढला. आण्णा स्वतः कधी खेळले नाहीत, पण सांगायचे की मटक्यावाल्याला काम करता येतं. चिठ्ठी लावली की ओपन, म्हणजे पहिला आकडा, लागेपर्यंत काही करायला नसतं, मग तो पिशव्या उचलतो. ओपन गेला की क्लोजपर्यंत, म्हणजे दुसऱ्या आकड्यापर्यंत, पुन्हा पिशव्या. हरला तरी दुसरी चिठ्ठी लावायला माणूस शोधत जावं लागे.

माझ्या ॲपवर डाव साधारण तीन मिनिटांत संपायचा आणि निकालाच्या पाटीखालीच हिरवं बटण असायचं. खिसा रिकामा असेल तर यूपीआय उघडून पिन टाकून परत टेबलावर. मी एकदा मनात मोजलं होतं, आठ-नऊ सेकंद. गावात वर्ष, मटक्यात अर्धा दिवस, इथे आठ सेकंद. बाकी रमी तीच, तेरा पानांची.

आता वहीकडे येतो. जून 2024 मध्ये एका आठवड्यात मी अर्धा पगार घालवला (पगार सव्वीस हजार, लपवण्यासारखा नाही). तेव्हा ठरवलं, दुसऱ्यांच्या पै-पैचा हिशेब ठेवतो तसा आपलाही ठेवू. गेल्या वर्षीच्या पट्टीबुकाच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. तारीख, वेळ, भरले, काढले, हार की जीत. आणि शेवटचा रकाना 'पुन्हा कधी'. म्हणजे ही बैठक संपल्यावर मी परत किती वेळाने टेबलावर आलो. हा रकाना का आखला ते सांगता येत नाही. गाळ्यावर आम्ही शेतकऱ्याच्या नावापुढे त्याची पुढची गाडी कधी येणार ते लिहून ठेवतो, त्या सवयीने असेल.

आणि हो, वही ठेवल्याने खेळ कमी झाला नाही. उलट वाटायला लागलं की आपण हिशेबी माणूस आहोत, आपण काही वाहवत गेलेलो नाही. व्यसनाला वही मिळाली, एवढंच.

चौदा महिन्यांत 231 बैठका. 158 हारीच्या, 61 जितीच्या, 12 बरोबरीच्या. भरले 3,12,400. काढले 1,47,900. गेले 1,64,500. सहा पगारांहून जास्त. हे सगळं कुणाही हरलेल्या माणसाकडे मिळेल. वहीतला गंमतीचा भाग शेवटच्या रकान्यात होता.

माझी समजूत अशी होती की हरलो की मी चिडून लांब जातो आणि जिंकलो की हावरेपणाने परत येतो. वहीने दोन्ही खोटं ठरवलं. पाचशेच्या आतली हार झाली की एखाद-दोन दिवस मी फिरकायचो नाही. तेवढ्यावर माणूस झोपतो. पण पाचशे ते तीन हजारांच्या मधली हार, अशा 74 बैठका होत्या, त्यातल्या 49 वेळा मी झोपायच्या आधीच परतलो होतो. बायको-पोरगं झोपलेलं, मोबाईलचा आवाज बंद, मी सोफ्याच्या कडेला. तीन हजारांच्या वरच्या हारी तेरा. त्यानंतर मी सरासरी पाच दिवस गायब. चार दिवस मी शुद्ध सात्त्विक. गाळ्यावर लवकर जायचो, येताना भाजी आणायचो, पोराचा गृहपाठ घ्यायचो. आणि पाचव्या दिवशी नेहमीच्या दुप्पट रक्कम भरून बसायचो. म्हणजे मोठ्या हारीने मला थांबवलं नव्हतं. मी फक्त पैसे जमवायला गेलो होतो.

जितीचं वेगळंच. छोटी जीत झाली तर 'पुन्हा कधी' भरायची वेळच येत नसे, कारण मी उठायचोच नाही. तीनशे-चारशे वर आले की ते टेबलावरच जिरायचे, आणि ती बैठक वहीत हार म्हणून लागायची. मोठी जीत झाली तर मात्र उठायचो, पैसे काढायचो, छाती काढून फिरायचो. आणि दोन दिवसांनी, कधी तीन, मोठ्या टेबलावर. एरवी मी रुपया पॉइंटवर (हातात राहिलेल्या दर गुणाला एक रुपया) खेळणारा, जितीनंतर पाच रुपये पॉइंटवर. मनात हिशेब असा की हे त्यांचेच पैसे आहेत, गेले तर त्यांचे गेले. दिवाणजीने असं म्हणावं! पट्टीत आलेला रुपया कुणाकडून आला म्हणून हलका-जड होत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो.

सगळ्यात मोठी जीत फेब्रुवारी 2025 ची. एका रात्रीत 11,460. दुसऱ्या दिवशी घरात पाण्याचा फिल्टर आणला. बायकोला सांगितलं शेठनी बोनस दिला. सोसायटीत, गाळ्यावर, गावाला फोन करून, सगळ्यांना फिल्टरची बातमी. 158 हारींपैकी एकही मी कुणाला सांगितली नव्हती. अजून एक गंमत. 1 एप्रिल 2023 पासून नियम आला होता की वर्षाच्या निव्वळ जितीवर पैसे काढताना तीस टक्के टीडीएस कापायचा. मला वाटलं साडेतीन हजार जातील. एक रुपया कापला नाही. मी इतका खूश, की बघा, कर वाचला! वर्षभरात भरलेले काढलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, म्हणून निव्वळ जीत शून्याखाली होती, म्हणून कर नव्हता. कर न कापणं हीच माझ्या दिवाळखोरीची पावती होती आणि मी ती मिठाई समजून खाल्ली. लोकांचे हिशेब लिहिणारा माणूस मी.

जीएसटीचंही असंच. 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के लागायचा. हजार भरले तर 781 रुपये 25 पैसे टेबलावर, बाकी सरकारला. गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून आमच्या ॲपने तेवढाच बोनस परत द्यायला सुरुवात केली, पण तो फक्त खेळायला, काढता येणार नाही. म्हणजे पुन्हा या. त्यात टेबलाची फी. दोघांच्या टेबलावर शंभर-शंभर लावले तर जिंकणाऱ्याला 170. शंभर डाव खेळा, पन्नास जिंका, पन्नास हरा, म्हणजे कुणीच कुणापेक्षा वरचढ नाही. भरले 10,000, आले 8,500. आमच्या बाजारात कुणी पंधरा टक्के आडत मागितली तर गाळ्याला कुलूप लागेल.

पण मला परत ओढणारं तिसरंच काहीतरी होतं आणि ते हार-जीत या दोन शब्दांत बसत नाही. हुकलेलं पान. रमी खेळलेल्यांना सांगायला नको, प्युअर सिक्वेन्स (जोकर न लावता एकाच प्रकारची ओळीने निदान तीन पानं) लागला नसेल तर हातातली सगळी पानं मोजली जातात, ऐंशीपर्यंत. समजा इस्पिकची पंजी आणि छक्की धरून बसलोय, सत्ती आली की प्युअर, बाकी हात तयार. समोरच्याने डिक्लेअर केलं, म्हणजे हात पूर्ण करून डाव संपवला. माझे 74. आणि मग ॲप सगळ्यांची पानं उघडी करून दाखवायचं. माझी सत्ती शेजारच्याच्या हातात, फालतू, त्याच्याही उपयोगाची नाही. पुढच्या चालीला त्याने टाकलीच असती! अशा बैठकांपुढे मी वहीत फुली मारायला लागलो होतो. फुलीवाल्या बैठकांच्या 'पुन्हा कधी'त 'लगेच' हाच शब्द, पानामागून पान. साफ वाईट पानं येऊन पहिल्याच चालीला वीस गुण देऊन डाव टाकला, म्हणजे ड्रॉप केला, अशा हारीनंतर मी आरामात चहा प्यायचो.

या सगळ्याला शास्त्र आहे हे मला भाऊबीजेला कळलं. बहीण ठाण्याला किसननगरला असते. तिची मुलगी सायकॉलॉजी घेऊन शिकतेय. तोवर घरात सगळं उघडं पडलं होतं, त्यामुळे लपवायचं काही नव्हतं. ओवाळणी झाल्यावर मी वही तिच्यासमोर टाकली. पोरगी चकली हातात धरून वाचत बसली.

"मामा, हे तर आमच्या पुस्तकात आहे."

"माझी वही तुमच्या पुस्तकात?"

"तुमची नाही हो. पण हेच."

मग तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाने पारव्यांवर प्रयोग केले. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळाला तर पारवा दाणा खाऊन थोडा थांबतो. कधी तीन टोचांनी, कधी तीसने, काही नेम नाही असं केलं तर तो थांबतच नाही, आणि दाणा बंद केला तरी बराच वेळ टोचत राहतो. 1979 मध्ये काहनेमन आणि ट्वर्स्की या दोघांनी दाखवलं की हजार गेल्याचं दुःख हजार मिळाल्याच्या सुखापेक्षा मोठं असतं. शिवाय नुकसानीत असलेला माणूस ठरलेलं नुकसान पदरात घेण्यापेक्षा जास्त धोका पत्करतो, कारण धोक्यात बरोबरी व्हायची आशा असते. मधल्या हारीनंतर माझं रात्रीचं परतणं ते हेच. 'त्यांचेच पैसे'वालं 1990 मध्ये थेलर आणि जॉन्सन यांनी लिहून ठेवलंय. आणि हुकलेल्या पानावर 2009 साली केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी काम केलं. माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून जुगाराच्या यंत्राचा खेळ दिला. थोडक्यात हुकलं की माणसाला ते आवडत नाही, पण जिंकल्यावर मेंदूचा जो भाग पेटतो त्यातलाच काही भाग तेव्हाही पेटतो आणि खेळायची इच्छा वाढते. तीही कधी, तर निवड त्याने स्वतः केली असेल तेव्हा. रमीत तर प्रत्येक पान तुम्हीच उचलता आणि तुम्हीच टाकता.

मी तिला म्हटलं, सहा डाव ओळीने हरलो की आता पान लागणारच असं मला हमखास वाटायचं, त्याचं काय? ती हसली. 1913 मध्ये माँटे कार्लोच्या कसिनोत रूलेटवर सलग 26 वेळा काळा आला होता म्हणे, आणि लोक आता लाल येणारच म्हणून लाखो हरत गेले. माझे सहा डाव म्हणजे काहीच नाही.

बाजारात बसून मी एक मनात जोडलं. नाशिक-पुण्याचा शेतकरी दरवर्षी कांदा का लावतो, असं शहरातले लोक विचारतात. पाच वर्षांत एकदा त्याला असा भाव मिळतो की डोळे दिपतात, कधी ते कुणालाच सांगता येत नाही. दाण्याला नेम नसला की टोच थांबत नाही. फरक एवढाच की त्याच्या हातात शेवटी कांदा तरी असतो. हे भाचीला सांगितलं तर म्हणाली मामा, असं सरळ जोडता येत नाही. असेल. मी काही परीक्षेला बसलेलो नाही.

आता सेवेबद्दल, कारण हा रिव्ह्यू आहे. ॲपवाल्यांनी भाचीची पुस्तकं माझ्याआधी वाचली होती हे नक्की. हारीच्या रात्री साडेअकराला मेसेज, 'आज नशीब रुसलं? 10 टक्के कॅशबॅक, फक्त रात्री 12 पर्यंत.' मोठ्या हारीनंतर मी गायब झालो की चौथ्या दिवशी, 'तुमची खुर्ची रिकामी आहे, 250 रुपये आमच्याकडून.' मी पाचव्या दिवशी का परतायचो, हे मला मेसेजच्या तारखा वहीशी ताडून बघितल्यावर उमगलं. तोवर मी ते माझ्या स्वभावाच्या खाती टाकलं होतं. जिंकलो तर अभिनंदन आणि वरच्या टेबलाचं मोफत आमंत्रण. आणि पैसे काढायला टाकले की 'प्रक्रिया सुरू आहे', त्याच्याखाली ठळक बटण 'विनंती रद्द करा'. भरताना आठ सेकंद, काढताना एक दिवस, कधी दोन, आणि तेवढा वेळ ते बटण डोळ्यासमोर. काढायला टाकलेले पैसे मी 38 वेळा स्वतःच मागे घेतले. वहीत त्याला मी 'गाडी फाटकातून परत' लिहायचो.

कस्टमर केअर गोड बोलायचं. एकदा मी रोजच्या भरण्यावर मर्यादा घालून मागितली. घातली. वाढवून मागितली, तीही वाढवली. त्यांची चूक म्हणू की माझी? मागितलं ते दिलं बिचाऱ्यांनी.

घरात उघडं पडलं ते जून 2025 मध्ये. बायकोने भिशीचे पाच हजार माझ्या खात्यात ठेवायला दिले होते, दुसऱ्या दिवशी भिशीवाल्या काकूंना पाठवायचे होते. रात्री एक फुलीवाली हार झाली. पुढचं लिहीत नाही. सकाळी गाळ्यावरून उचल घेऊन पैसे पाठवले, पण शेठनी संध्याकाळी सहज घरी फोन करून विचारलं, काही अडचण आहे का. बायकोने कपाटातून वही काढली. तिला वाटलं गाळ्याची आहे. वाचत गेली. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "अहो, हे 'पुन्हा कधी' म्हणजे काय? पुढचा मुहूर्त काढून ठेवता का?"

ती रडली-ओरडली असती तर मी उलटून काहीतरी बोललो असतो. ती फिल्टरकडे बघत म्हणाली, "आणि हा?" मी मान हलवली. तेव्हापासून आमच्याकडे त्याला रमीचा फिल्टर म्हणतात. पाणी मात्र चांगलं येतं.

तिनेच 14416 लावला. टेली मानस, सरकारचा मोफत नंबर, मराठीत बोलतात. या सेवेला माझे पाच तारे, न मागता. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. त्यातला एक मला अजून जसाच्या तसा आठवतो. "हरलेले पैसे परत मिळवायला तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाता का?" नंतर कळलं की जुगाराच्या आजाराची डॉक्टरांची नऊ लक्षणं आहेत, वर्षभरात चार दिसली तर आजार धरतात, आणि त्यातलं एक नेमकं हेच आहे. मी बाईंना म्हटलं, दुसऱ्या दिवशी नाही हो, त्याच रात्री. त्या म्हणाल्या, बरं. असं 'बरं' की जणू मी ताप किती ते सांगितलं. पुढे त्यांनी समुपदेशकांशी जोडून दिलं. त्यांनी दिलेलं पहिलं काम फार साधं होतं. यूपीआय बायकोच्या मोबाईलवर, माझ्या हातात दिवसाचे दोनशे रुपये रोख. म्हणजे आठ सेकंदांचे पुन्हा काही तास करायचे. बायकोला उठवून पिन मागायला लागते तेव्हा रात्री एक वाजताची इस्पिक सत्ती तेवढी तातडीची वाटत नाही.

पूर्ण सुटलं नाही. जुलैत तीनदा घसरलो, मित्राच्या मोबाईलवरून. त्याच महिन्यात विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसतेय असा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले आपण खेळत नव्हतो, काही दिवसांनी त्यांचं खातं बदललं. आमच्या बाजारात तर विनोदांना ऊत आला होता, कांद्याचा भाव पडला की हमाल म्हणायचे ड्रॉप केला. मी हसलो नाही. मला एवढंच दिसत होतं की टेबलावर किती पॉइंटचा डाव असेल.

मग ऑगस्ट. 21 तारखेला संसदेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक पास झालं, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा. आमच्या ॲपच्या प्रत्येक जाहिरातीत 'रमी हा कौशल्याचा खेळ' असायचं, सुप्रीम कोर्टाच्या जुन्या निकालाचा दाखला द्यायचे. नव्या कायद्याने तो भेदच काढून टाकला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. शुक्रवारी सकाळी तुर्भे स्टेशनवर उतरताना बघितलं तर टेबलं राखाडी झाली होती. गणपतीला पाच दिवस होते.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो असा, की आता ते 1,64,500 परत कसे मिळवायचे? दार बंद झालं त्याचं नव्हे, हिशेब बरोबरीत आणायची संधी गेली याचं वाईट वाटलं. भाची म्हणाली धर्मराजाचंही तेच झालं होतं. सगळं हरला, धृतराष्ट्राने सगळं परत दिलं, इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागला, आणि पुन्हा खेळायला बोलावलं तर अर्ध्या वाटेतून परतला. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला वाटायचं, एवढा शहाणा माणूस परत का जातो?

गावच्या गणपतीत त्या वर्षी जागरणाला रमी बसली. मी पानं वाटून दिली, खेळलो नाही. चुलते काड्या हरले आणि तणतणले.

ॲपने खात्यात राहिलेले पैसे परत दिले, ते प्रामाणिकपणे नोंदवतो. 212 रुपये, सप्टेंबरात, कुठलंही रद्द करायचं बटण न दाखवता. हल्ली टेलिग्रामवर कुठल्या कुठल्या परदेशी साइटचे मेसेज येतात, नंबर त्यांना कुणी दिला कुणास ठाऊक. बायको दर रविवारी बाजार बंद असतो तेव्हा माझा मोबाईल घेऊन ते पुसते.

212 रुपये मी वहीत जमा केले. तारीख, वेळ, भरले शून्य, काढले 212. शेवटचा रकाना राहिला. दिवाणजीच्या वहीत रिकामी जागा सोडत नाहीत, पुढे कुणी काही घुसवू नये म्हणून आडवी रेघ मारतात. पट्टीबुक कपाटात आहे, पेन खिशात आहे, आणि रेघ अजून मारायची आहे.